घरी बनवलेले मण्यांचे कानातले आणि धातूचे चार्म (लटकन) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कानातले तुटतात ते मण्यांत नाही, जोडात. मणी महाग घेतले आणि कडी अर्धवट मिटली, तर तो मणी एक दिवस लोकलमध्ये पडतो. म्हणून खालच्या उत्तरांत रंगसंगतीपेक्षा तार, कडी, भोक आणि गाठ यांनाच जास्त जागा दिली आहे.

सुरुवातीला कोणती हत्यारे घ्यावीत?

गोल टोकाची एक पक्कड, चपट्या टोकाच्या दोन आणि तार सपाट कापणारा एक छोटा कटर. चपट्या पक्कडी दोन लागतात, कारण जंप रिंग (दोन भाग जोडणारी उघडती कडी) एका पक्कडीने नीट उघडतही नाही आणि मिटतही नाही. पक्कडीचा जबडा आतून गुळगुळीत हवा. घरातल्या दुरुस्तीच्या पक्कडीला दाते असतात आणि मऊ तारेवर त्यांचे वण उठतात. तीच वापरायची असेल तर जबड्यावर कापडी चिकटपट्टी गुंडाळा.

याशिवाय बारीक कानशींचा संच, ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर आणि मिलिमीटर दाखवणारा कॅलिपर घ्या. कॅलिपर अनेकांना जास्तीचा वाटतो, पण मणी निवडताना आणि तार ओळखताना तोच सर्वांत जास्त हातात असतो. प्लास्टिकचा स्वस्त मिळतो, तोही चालेल.

व्हिडिओत २० गेज सांगतात, दुकानातून २० गेजची तार आणली तर ती जाड निघते. असे का?

गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, आणि त्याच्या मोजपट्ट्या दोन आहेत. परदेशी व्हिडिओंत बहुतेक वेळा अमेरिकन गेज असतो आणि आपल्याकडच्या तारेच्या दुकानांत बऱ्याचदा ब्रिटिश गेज चालतो. अमेरिकन २० गेज म्हणजे ०.८१ मिमी, ब्रिटिश २० गेज म्हणजे ०.९१ मिमी. कानाच्या भोकात हा फरक जाणवतो.

गेज विसरा आणि मिलिमीटरमध्ये मागा. हूकसाठी ०.८ मिमी, मणी ओवायच्या पिनसाठी ०.६ ते ०.७ मिमी, गुंडाळून करायच्या कडीसाठी ०.५ मिमी आणि मोत्यांच्या बांधणीसाठी ०.३ मिमी. दुकानदाराला मिलिमीटर ठाऊक नसेल तर कॅलिपर सोबत न्या.

कानात जाणाऱ्या भागासाठी कोणता धातू घ्यावा?

कानातल्याच्या या एकाच भागात काटकसर करू नये.

कानाला खाज, लाली किंवा पाणी येण्यामागे बहुतेक वेळा निकेल असते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण आहे. बाजारातले बरेचसे स्वस्त 'ऑक्सिडाइज्ड' दागिने याच धातूचे असतात. चार्म म्हणून ते लटकले तर फारसे बिघडत नाही, पण त्याचा हूक करू नका. युरोपीय संघात टोचलेल्या जागी जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा नियम आहे. यावरून हा प्रश्न किती गंभीरपणे घेतला जातो ते कळेल.

चांगले पर्याय असे : ९२.५ टक्के चांदी (उरलेले सहसा तांबे), टायटॅनियम, नायोबियम. 'सर्जिकल स्टील' म्हणून मिळणाऱ्या ३१६एल पोलादात निकेल असतेच, पण ते धातूत घट्ट बांधलेले असते आणि फार कमी सुटते. बहुतेकांना ते चालते, पण निकेलची पक्की ॲलर्जी असणाऱ्याला देऊ नका. सोन्याचे पाणी दिलेल्या पितळेवरचा थर हूकवर सर्वांत आधी झिजतो, कारण घासणे तिथेच होते.

हूकला नेलपॉलिश लावले की ॲलर्जी होत नाही, हे खरे आहे का?

थोड्या वेळापुरते खरे. हूक कानातून दरवेळी आत-बाहेर होतो, त्यामुळे थर टवके उडून निघतो आणि टवक्याची कड उलट कानाला टोचते. लग्नाला दोन तास घालायचे असतील तर लावा. रोजच्या वापरासाठी हूकच बदला.

हूक घरी कसा वळवायचा?

दोन्ही कानांचे हूक एकाच वेळी करा. एक पूर्ण करून मग दुसरा केला तर जोडी जुळत नाही.

०.८ मिमी तारेचे ५ सेमीचे दोन तुकडे कापा. प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला गोल पक्कडीने सुमारे २ मिमीची कडी वळवा. दोन्ही तुकडे कड्यांसकट एकत्र धरा आणि ९-१० मिमी जाडीच्या मार्करवर, कडी ज्या बाजूला वळली आहे तिच्या उलट दिशेने वाकवा. मागचा पाय पुढच्या कडीच्या खाली ३-४ मिमी उतरला पाहिजे, नाहीतर मान वळवताच कानातले निसटते. शेवटचे ३ मिमी किंचित बाहेर वळवा.

आता टोक. कटरने कापलेल्या तारेला धारदार कंगोरा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. आधी कानशीने टोक गोल करा, मग ४००, ६००, १००० या क्रमाने पेपर फिरवा. टोक ओठावर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून पाहा. खरचटल्यासारखे वाटले तर काम बाकी आहे.

मऊ चांदीचा हूक एवढ्यावर तयार होत नाही, दोन दिवसांत तो उघडतो. वरचा बाक गुळगुळीत पोलादी ठोकळ्यावर ठेवून हातोडीचे पाच-सहा हलके ठोके द्या, म्हणजे तार कडक होते. कानात राहणारा भाग मात्र चपटा करू नका, चपट्या तारेची कड भोक कापते.

पिनवर मणी ओवल्यावर वरची कडी गोल का येत नाही?

तार कमी-जास्त सोडल्यामुळे. कडीला किती तार लागते हे मोजता येते : आतला व्यास अधिक तारेची जाडी, गुणिले ३.१४. कडीचा आतला व्यास २.५ मिमी आणि तार ०.६ मिमी असेल तर ९.७ मिमी, म्हणजे मण्याच्या वर १० मिमी सोडा.

मण्याला लागूनच तार काटकोनात वाकवा, १० मिमीवर कापा, टोक गोल पक्कडीत धरा आणि मनगट वळवत कडी पूर्ण करा. आधीचा काटकोन राहून गेला तर कडी मण्याच्या मधोमध बसत नाही, एका बाजूला झुकते आणि कानातले तिरके लोंबते. पक्कडीच्या जबड्यावर परमनंट मार्करने एक रेघ मारून ठेवा आणि प्रत्येक कडी त्याच रेघेवर वळवा. सगळ्या कड्या एका मापाच्या होतील.

गुंडाळलेली कडी कधी करावी?

मणी जड असेल, मोती असेल, किंवा तार ०.५ मिमी अथवा त्याहून बारीक असेल तेव्हा. मण्याच्या वर ३५ ते ४० मिमी तार सोडा. मण्यापासून २ मिमी वर काटकोन करा, कडी वळवा आणि उरलेली तार त्या २ मिमी मानेवर अडीच-तीन वेढे गुंडाळा. टोक कापून चपट्या पक्कडीने आत दाबा. कडीत साखळी किंवा चार्म घालायचा असेल तर गुंडाळण्याच्या आधी घाला. नंतर ती उघडत नाही आणि तिचा उपयोगही तोच आहे.

जंप रिंग सारख्या उघडतात. काय चुकते?

तीनपैकी एक गोष्ट चुकत असते. रिंग दोन्ही बाजूंना ताणून उघडली असेल, तर तिचा गोल मोडतो आणि तोंड पुन्हा जुळत नाही. ती कात्रीच्या पात्यांसारखी, एक टोक पुढे आणि एक मागे अशी उघडायची. मिटवताना दोन्ही टोके एकमेकांच्या किंचित पुढे न्यायची आणि मागे आणताना टोकाला टोक घासल्याची 'टक' जाणवली पाहिजे.

दुसरे कारण म्हणजे रिंग फार बारीक तारेची असते. ६ मिमी रिंग ०.५ मिमी तारेची असेल तर ती बोटांनीही उघडते. ४ मिमी रिंगला ०.७, ६ मिमी रिंगला ०.९ ते १ मिमी तार घ्या.

तिसरे कारण दोऱ्याच्या कामात दिसते. मण्यांच्या झालरीचे दोऱ्याचे घर, म्हणजे अडकवायचा फास, नुसत्या मिटवलेल्या रिंगमध्ये अडकवले तर केसाएवढ्या फटीतूनही दोरा बाहेर सरकतो. तिथे डाग दिलेली (धातू वितळवून सांधलेली), म्हणजे बंद तोंडाची रिंग वापरा किंवा दोरा थेट हूकच्या कडीतून ओवा.

मोत्यांच्या कुड्या घरी बांधता येतात का?

येतात, आणि शिकण्यासाठी यासारखे दुसरे काम नाही. मधे एक मोती आणि भोवती सहा ही कुडीची बांधणी भूमितीनेच घट्ट बसते. सारख्या मापाचे सहा गोल सातव्याभोवती तंतोतंत बसतात, फट राहत नाही. म्हणूनच मापात फसवणूक चालत नाही.

४ मिमीचे मोती घेतले तर कुडी १२ मिमीची होते. जोडीला १४ मोती लागतात, पण ३० घ्या आणि कॅलिपर लावून वेगळे करा. ३.८ आणि ४.२ एका कुडीत आले तर फूल चेपल्यासारखे दिसते. मधला मोती मुद्दाम मोठा हवा असेल तर भोवतीची संख्या वाढते : मधे ५ मिमी तर भोवती ४ मिमीचे सात, मधे साडेसहा तर आठ.

तार ०.३ मिमीचीच का, तर वर्तुळ आवळताना तीच तार पहिल्या मोत्यातून दुसऱ्यांदा जाते. गोड्या पाण्यातल्या मोत्यांचे भोक साधारण ०.७ मिमी असते. ०.३ च्या दोन तारा त्यात मावतात, ०.४ च्या मावत नाहीत, आणि जबरदस्तीने ओढल्या तर मोत्याच्या भोकाचा काठ फुटतो.

३० सेमी तार घ्या. सहा मोती ओवून तारेच्या मधोमध आणा आणि एक टोक पहिल्या मोत्यातून पुन्हा फिरवून वर्तुळ आवळा. आता ते टोक ज्या फटीतून बाहेर आले तिथून मधला मोती ओवा आणि बरोबर समोरच्या फटीतल्या तारेला एक वेढा घालून आवळा. मधला मोती वर उचलला जात असेल तर बाहेरचे वर्तुळ सैल आहे. तो बोटाने दाबून ठेवू नका, उलगडून पुन्हा आवळा. उरलेल्या टोकाने सहाही फटींतल्या तारेभोवती एक-एक वेढा घ्या, म्हणजे मोती जागेवरून सरकत नाहीत.

मागे ८ ते १० मिमीची जाळीदार चकती असलेली खिळी लावा. दोन्ही टोके जाळीच्या वेगवेगळ्या भोकांतून मागे काढा, तीन-चार पीळ द्या, ३ मिमी ठेवून कापा आणि चकतीला लागून दाबा. पिळाच्या टोकावर दोन भागांच्या इपॉक्सी गोंदाचा थेंब द्या, नाहीतर ते कानाच्या पाळीला टोचते. फिरकी मळसूत्राची घ्या. कुडी पुढे जड असते आणि रबराची फिरकी सैल झाली की ती मान टाकते.

पिळाला तार तुटत असेल तर ती आधीच खूप वाकवली गेली आहे. बारीक तार सात-आठ वेळा त्याच जागी वाकली की कडक होऊन मोडते. अशी तार सरळ करून वापरण्यात अर्थ नाही, नवी घ्या.

बारीक काचमण्यांचे नंबर कसे वाचायचे?

नंबर वाढला की मणी लहान. ६ नंबर सुमारे ४ मिमी, ८ नंबर ३ मिमी, ११ नंबर २.१ मिमी, १५ नंबर दीड मिमी. जपानी मियुकी कंपनीचे 'डेलिका' मणी नळीच्या तुकड्यासारखे आणि अगदी एकसारखे असतात. ११ नंबर डेलिकाचा व्यास १.६ आणि लांबी १.३ मिमी असते, १ ग्रॅममध्ये सुमारे २०० बसतात. नक्षी विणायची असेल तर हेच घ्या. साध्या माळेला किंवा झुपक्याला देशी काचमणी छान दिसतात, त्यांचा थोडा कमी-जास्त आकार तिथे शोभतो. विणीत मात्र तोच आकार रांग वाकडी करतो.

रंग उतरतो का, हे घेतल्यावर लगेच तपासा. चार मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये दहा मिनिटे ठेवा. रिमूव्हरला रंग आला तर तो रंग काचेत नसून वर चढवलेला आहे.

झालर असलेले त्रिकोणी कानातले विणायला किती मणी आणि किती दोरा लागतो?

एक ठरावीक नमुना घेऊ. ब्रिक स्टिचचा (विटांच्या भिंतीसारख्या विणीचा) त्रिकोण, पायाची ओळ ९ मण्यांची, वर ८, ७ असे २ पर्यंत : ४४ मणी. वर हूकसाठी ६ मण्यांचे घर. खाली ९ लडी, अनुक्रमे १२, १४, १६, १८, २०, १८, १६, १४, १२ मण्यांच्या : १४० मणी. एका कानाला १९०, जोडीला ३८०, म्हणजे डेलिकाचे जवळजवळ २ ग्रॅम. वेगवेगळे रंग असतील तर प्रत्येकी ३ ग्रॅम घ्या. तयार कानातले १४ मिमी रुंद आणि हूक व घर सोडून ३६ मिमी लांब होते.

दोरा एका कानाला दीड मीटर. ०.१५ मिमीचा वेणीचा फिशिंग दोरा सर्वांत टिकतो, नायलॉन दोराही चालतो. सुई ११ किंवा १२ नंबरची मणीसुई. शिवणाची सुई नाक्याशी जाड असते आणि मण्यात अडकते.

आधी पायाची शिडी विणा : दोन मणी शेजारी-शेजारी, दोऱ्याचे वर्तुळ घालून, मग एकेक जोडत नऊपर्यंत. प्रत्येक दोन मण्यांच्या मधे वरच्या बाजूला दोऱ्याचा एक पूल तयार होतो. नऊ मण्यांवर आठ पूल, म्हणून दुसरी ओळ आठची. तिची सुरुवात दोन मणी घेऊन करा आणि सुई दुसऱ्या पुलाखालून घालून दुसऱ्या मण्यातून वर काढा. मग पहिल्या मण्यातून खाली आणि दुसऱ्यातून पुन्हा वर, म्हणजे पहिला मणी उभा बसतो. पुढे प्रत्येक पुलाला एक मणी. सुरुवातीला पहिल्याच पुलाखाली सुई घातली की ओळ बाहेर सरकते आणि त्रिकोणाऐवजी चौकोन होऊ लागतो. त्रिकोण बिघडण्याचे हे एकच कारण दहांपैकी आठ वेळा सापडते.

झालरीसाठी सुई पायाच्या मण्यातून खाली न्या, १२ मणी ओवा, शेवटचा सोडून बाकीच्यांतून आणि पायाच्या मण्यातून परत वर या. नंतर शेजारच्या मण्यातून खाली. हूकच्या घरातून दोरा तीनदा फिरवा, घासणे तिथेच होते.

झालर काडीसारखी ताठ उभी राहते किंवा वर दोरा दिसतो.

ताठ राहते कारण दोरा फार आवळला आहे. लड खाली सोडून बोटावर लोंबवा, ती वळली पाहिजे. वर दोरा दिसतो तेव्हा उलट : सैल राहिला आहे. शेवटचा मणी चिमटीत धरा, दोरा ओढा, मग अर्धा मिमी ढील द्या. मागची लड पक्की न करता पुढे गेलात तर ती नंतर सुधारत नाही.

नळीमणी वापरत असाल तर त्यांच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी घाला. नळीच्या कापलेल्या काचेची कड धारदार असते आणि ती दोरा कापते.

शेवटी गाठ मण्याच्या भोकाशी मारू नका. दोन मण्यांमधल्या दोऱ्यावर अर्धी गाठ, पुढे चार-पाच मण्यांतून सुई, आणखी एक अर्धी गाठ, पुन्हा चार मणी, मग कापा.

धातूच्या चार्मसाठी पत्रा कोणता आणि किती जाड?

पितळ किंवा तांबे, ०.५ ते ०.७ मिमी. ०.४ च्या खाली पत्रा हातात वाकतो. १ मिमीला करवत चालते, पण चार्म जड होतो. पितळेचा १५ मिमी व्यासाचा, ०.७ मिमी जाड गोल सुमारे १ ग्रॅमचा असतो, २५ मिमीचा जवळजवळ ३ ग्रॅमचा. व्यास पावणेदोनपट झाला की वजन तिप्पट होते. मोठा आकार हवा असेल तर मधून जाळी कापा किंवा ॲल्युमिनियम घ्या, त्याच मापात ते १ ग्रॅमहून कमी भरते.

करवतीची पाती पाच-पाच मिनिटांनी तुटतात.

सोनाराच्या करवतीचे पाते दात मुठीकडे, म्हणजे खाली, करून लावायचे. उलटे लागले की पत्रा उचलला जातो आणि पाते मोडते. लावल्यावर नखाने छेडा, तारेसारखा बारीक आवाज आला पाहिजे. 'थप' असा बसका आवाज म्हणजे पाते ढिले.

०.७ मिमी पत्र्याला २/० नंबरचे, ०.५ ला ४/० नंबरचे पाते. दातांच्या मधल्या जागेपेक्षा पत्रा बारीक असला की तो दातांत अडकतो, बहुतेक पाती तिथेच जातात. पात्याला मेण लावा. करवत उभी, सरळ खाली-वर आणि जोर न लावता चालवा. वळण आले की करवत नाही, पत्रा फिरवा, आणि फिरवताना करवत जागच्या जागी चालू ठेवा.

पत्रा कातरीने कापला तर वेळ वाचतो, पण कड वाकते आणि ती सपाट करण्यात तो वेळ परत जातो. सरळ रेघांच्या चौकोनी चार्मला कातर ठीक.

भोक कुठे आणि कधी पाडावे?

बाहेरचा आकार कापण्याआधी पाडा. मोठा पत्रा धरता येतो, १२ मिमीचा चार्म धरता येत नाही. भोक १.२ मिमी, आणि त्याच्या काठापासून चार्मच्या कडेपर्यंत किमान दीड मिमी धातू राहू द्या. त्याहून कमी ठेवला तर रिंग तो झिजवून बाहेर येते.

जागेवर आधी टोच्याने खड्डा ठोका, नाहीतर ड्रिल घसरते. पत्रा लाकडावर शिकंज्यात आवळा. बोटांनी धरू नका. ड्रिल आरपार जाताना पत्र्याला पकडते आणि तो गरकन फिरतो, धारदार कडेसकट. चष्मा लावा. भोकाच्या मागच्या बाजूचा कंगोरा जाड ड्रिल हाताने दोन वेळा फिरवून काढा.

अक्षरे ठोकताना दुहेरी उमटतात.

दोन ठोके मारल्यामुळे. पंच (अक्षराचा ठसा) पहिल्या ठोक्याला उडतो आणि दुसऱ्याला थोडा सरकून बसतो. ३ मिमी अक्षराला अर्ध्या किलोच्या आसपासची हातोडी आणि एकच सरळ ठोका. खाली पोलादी ठोकळा हवा. लाकडावर पत्रा खोलगट होतो. अक्षरांच्या तळाशी चिकटपट्टी लावली की ओळ सरळ राहते. नावाची सुरुवात मधल्या अक्षरापासून करा आणि दोन्ही बाजूंना जा. 'श्री' किंवा जोडाक्षरांसाठी देवनागरी पंच नसेल तर बारीक छिन्नीने रेघा जोडून अक्षर घडवता येते, आधी भंगार पत्र्यावर सराव करा. ठोकल्यावर पत्रा पसरतो, म्हणून आकार नंतर कापा.

पत्रा मऊ करायला घरचा गॅस चालतो का?

०.५ मिमी तांब्याला चालतो. खिडकी उघडी, खोलीत उजेड कमी. पत्र्यावर परमनंट मार्करची रेघ मारा, ती नाहीशी झाली आणि पत्रा अंधुक लाल दिसू लागला की थांबा. तांबे लगेच पाण्यात टाका. पितळेची लाली जाऊ द्या, मग पाण्यात, नाहीतर तडा जाऊ शकतो. पितळ फार तापवले तर त्यातले जस्त धूर होऊन बाहेर येते, तो धूर श्वासात घेऊ नका. जस्ताचा मुलामा असलेली लोखंडी तार किंवा पत्रा तर अजिबात तापवू नका.

आणि डाग देणे?

स्वयंपाकघरात नको. इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या ६०/४० कथिलात ४० टक्के शिसे असते, ते अंगावर घालायच्या वस्तूत वापरू नये. 'केडीएम' डागात कॅडमियम असते आणि त्याचा धूर विषारी आहे. कॅडमियमविरहित चांदीचा डाग, टाकणखार, विटांचा ओटा आणि मोकळी हवा असेल तरच शिका, तेही एखाद्या सोनाराजवळ बसून. डाग दिल्यानंतरचा काळा थर लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात निघतो. त्यात लोखंडी चिमटा बुडवू नका, वस्तूवर तांब्याचा थर चढतो. मोती आणि मणी नेहमी डागानंतर.

डागाशिवायही बरेच होते. दोन पत्रे रिव्हेटने जोडा : भोकाला घट्ट बसणारी तार, दोन्ही बाजूंना जाडीच्या अर्ध्याएवढी बाहेर, मग हलक्या ठोक्यांनी डोके पसरवा.

चांदी-तांबे घरी काळे कसे करायचे?

उकडलेल्या अंड्याने. अंड्यातला गंधक हे काम करतो. चार्म आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, बोटाचे तेल राहिले तर तिथे डाग राहतो. गरम अंडे कुस्करून झिपच्या पिशवीत घाला, चार्म कागदाच्या तुकड्यावर ठेवा म्हणजे अंड्याला लागणार नाही, पिशवी बंद करा. वीस मिनिटांत रंग पिवळट, मग तपकिरी होतो, काही तासांत काळा. उंच भाग पेपरने घासून उजळा, अक्षरे काळी राहतात. पितळेवर हा उपाय जवळजवळ चालत नाही. तिथे परमनंट मार्कर भरून पुसणे सोपे.

पितळेचे चार्म कसे उजळावेत?

चिंच-मीठ किंवा पितांबरी, मिनिटभर चोळून लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. आंबट पाण्यात तासभर ठेवले तर पितळ गुलाबी होते, वरचे जस्त निघून तांबे उरते. मोती जोडलेला असेल तर आंबट काहीही नको, मोती आम्लात विरघळतो. त्याला ओले मऊ कापड पुरे.

कोकणातल्या दमट हवेत चांदी झिपच्या पिशवीत, हवा काढून, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. रबरबँड मात्र गुंडाळू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. तांब्याने कानामागे हिरवे झाले तर घाबरू नका, ते घाम आणि तांब्याचे क्षार आहेत, धुतले की जातात. ती ॲलर्जी नाही.

एका कानाला किती वजन चालते?

रोजच्या हूकवर ५ ग्रॅमपर्यंत ठेवा. त्याहून जड झुबे असतील तर कानाचे वेल लावा. वेल हा नुसता शृंगार नाही, तो वजन पाळीवरून केसांवर नेतो. घरी वेल करताना साखळीची लांबी घालणाऱ्याच्या कानावर मोजा आणि वरच्या टोकाला दोन-तीन कड्या जास्त सोडा.

सामान कुठे मिळते?

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात मणी, हूक, तारा घाऊक मिळतात. मुंबईत भुलेश्वर. सोनाराची हत्यारे, करवतीची पाती आणि पंच सराफ बाजाराच्या गल्ल्यांत विचारा, कोल्हापुरात गुजरीच्या आसपास. पत्रा किलोवर विकतात, पण पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी कामातून उरलेले तांब्याचे तुकडे मागून पाहा. चार्मला तळहाताएवढा तुकडा पुष्कळ होतो. मोती घेताना दोन मोती एकमेकांवर हलके घासा : खरे मोती बारीक रेतीसारखे खरखरतात, काचेचे घसरतात. पहिल्या खरेदीत हूक आणि तार चांगल्या प्रतीची घ्या, मणी साधे चालतील. मणी नंतर बदलता येतात, आणि नुसत्या मिटवलेल्या कड्या आणि रिंगा त्यासाठी पुन्हा उघडता येतात.